कुरडयांची राखण

सकाळपासून आमच्या गच्चीवर पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळताहेत आणि टोपी घालून मी त्यांची राखण करतो आहे. ही शिक्षा मला माझ्याच एका वाक्यामुळे झाली.

वर्तमानपत्रात मी वर्षानुवर्षं हवामानाच्या बातम्या लिहिल्या. 'पावसाची शक्यता नाकारता येत नाही' हे इंग्रजीतून आलेलं वाक्य माझं फार लाडकं. पाऊस पडला तरी ते खरं आणि नाही पडला तरी खरंच. काल संध्याकाळी ढग बघून शेजारच्या कुसुमताईंनी विचारलं, तेव्हाही मी तेच ऐकवलं.

"अहो, पण मी उद्या चीक शिजवू की नको?"

मी पुन्हा ढगांकडे पाहू लागलो. त्यांचे गहू तीन दिवस भिजून, वाटून झाले होते. पातेल्यात चीक खाली बसत होता. तो आणखी ठेवला तर आंबून जाणार.

"मी शिजवतेच," त्या म्हणाल्या. "तुम्ही वर बसा. शक्यता दिसली की गोळा करा."

इथे बसल्यावर कळलं, की ज्याचं काहीच उन्हात वाळत नसतं, त्यालाच असं गुळमुळीत बोलणं जमतं.

मघाशी सूर्यावर एक ढग आला. लगेच खालून कुसुमताईंची हाक आली, "काय हो, पडेल का?"

मी त्या ओल्या, नाजूक जाळ्यांकडे पाहिलं.

"मुळीच नाही!" मी ठणकावून सांगितलं आणि प्लास्टिकचा कागद हळूच जवळ ओढून घेतला.