प्रशांतची दुर्बीण आणि निखाऱ्यांचं घमेलं

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आत्ताच शेजारच्या प्रशांतकडून जळफळत घरी आलोय. ग्रहांची पुस्तकं लहानपणापासून वाचतोय मी, आणि दुर्बीण घेतली त्याने!

संध्याकाळी टोकावड्यातली आमची अख्खी आळी त्याच्या अंगणात. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. शनी कुठे आहे तेही मीच दाखवलं. शनिमहाराज म्हणून सगळे चपला काढून रांगेत उभे! पाय गारठले, तशी प्रशांतच्या आईने दुर्बिणीखालीच निखाऱ्यांचं घमेलं आणून ठेवलं. "शेका रे पाय."

झालं! गरम हवेने शनी थरथरायला लागला. कडं कुणालाच दिसेना. कारण मला माहीत होतं, पण मी गप्प. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

मग माझी लेक रडवेली होऊन आली. "बाबा, मला कडं नाय दिसत."

मीच घमेलं उचलून लांब नेऊन ठेवलं. थोड्या वेळाने कडं स्वच्छ दिसलं.

"प्रशांतकाका, तुमची दुर्बीण लय भारी!" लेक ओरडली. टाळ्या प्रशांतलाच.

मी दुर्बिणीला डोळा लावायला गेलोच नाही. लांब घमेल्यापाशी एकटाच पाय शेकत बसलो.

खरं सांगा, तुम्ही घमेलं उचललं असतं?