रिम्माने गोळी बंद केली

रेचित्साच्या बालवाडीत रिम्मा पाव्लोव्ना एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. नव्वद पोरांची सकाळची लापशी, दुपारचं बिटाचं सूप, चार वाजता दूध आणि गोड पाव. हात झरझर चालायचा आणि तोंडही. गळ्यावर आडवा पांढरा व्रण होता, पण तो ती कधी झाकत नसे. तिच्या वयाच्या कितीतरी बायकांच्या गळ्यावर तसा व्रण होता. बाजारात एकमेकींना दिसल्या की त्या ओळख नसली तरी मान हलवायच्या.

सीमेपलीकडची अणुभट्टी फुटली त्या वसंतात ती सात वर्षांची होती. बाराव्या वर्षी तिच्या गळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. मिन्स्कला नेऊन डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर सगळी थायरॉईड ग्रंथीही काढली. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. एकतीस वर्षांत तिने ती एकदाही चुकवली नव्हती.

मे महिन्यात गोमेलच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा डोस उतरवला. "इतक्या वर्षांत आजाराचा मागमूस नाही. उगाच हृदयावर ताण कशाला? जरा कमी करू. दोन महिन्यांनी रक्त दाखवून जा," त्या म्हणाल्या. औषधाच्या दुकानात नेहमीची निळी डबी नव्हती. दुसऱ्या कंपनीची पांढरी मिळाली. रिम्माने ती पिशवीत टाकली आणि डबी बदलल्याचं विसरून गेली.

जुलैच्या अखेरीस एकदा न्हाताना पाणी तुंबलं. तिने जाळीवर बोट फिरवलं तर ओल्या केसांचा बोळा हातात आला, चिमणीएवढा. तिने तो कागदात गुंडाळून कचऱ्यात खोल खुपसला. नवरा अनातोल तेलविहिरींवर फिटर होता, पंधरा-पंधरा दिवस तिकडेच असायचा. त्याला सांगायचा प्रश्नच आला नाही.

तिला आठवली नेल्या. मिन्स्कच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची. दोघी एका वयाच्या, दोघींच्या गळ्याला पट्टी. पुढे, दोघी तिथेच असताना, नेल्याचा आजार छातीत उतरला. एका सकाळी ती उठून बसली आणि तिचे केस उशीवरच राहिले. नेल्या हसली होती, "बघ गं, माझी टोपी पडली." पुढच्या हिवाळ्यात नेल्या नव्हती. रिम्माच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घट्ट बसली होती: केस गेले की माणूस जातं.

दोन महिन्यांनी रक्त द्यायचं होतं. ती गेलीच नाही. अनातोलने फोनवर विचारलं, तेव्हा म्हणाली, "जाऊन आले. सगळं ठीक आहे." गळ्यावर मात्र दिवसातून वीसदा हात जायचा. गिळताना काहीतरी लागतंय का? कालच्यापेक्षा जास्त लागतंय का? वेणी अंगठ्याएवढी जाड होती, ती करंगळीएवढी झाली. स्वयंपाकघरातल्या टोपीखाली ती रुमाल बांधू लागली.

तरी व्हायचं ते झालं. एका सकाळी चार वर्षांची एक चिमुरडी चमचा उंच धरून ओरडली, "काकू, माझ्या लापशीत दोरा आहे! लांऽऽब!"

संचालिकाबाईंनी तिला खोलीत बोलावलं. "रिम्मा पाव्लोव्ना, तुमच्याकडून असं? परत झालं तर मला वर कळवावं लागेल." रिम्मा मान खाली घालून उभी राहिली. तिला नोकरीची भीती वाटलीच नाही. लापशीत जो केस निघाला, तो जणू तिच्या मरणाची चिठ्ठी होती आणि ती नव्वद पोरांसमोर वाचली गेली होती.

भांडी घासणारी झिना मागच्या दारी सिगारेट ओढत होती. साठीची, विधवा, सगळ्यातलं सगळं कळणारी. रिम्मा तिच्यापाशी रडली. नेल्याबद्दल बोलली नाही, फक्त केसांबद्दल.

"नवी गोळी कधीपासून?" झिनाने विचारलं.

"मेपासून."

"मग आणि काय पाहिजे? त्या पांढऱ्या गोळ्याच खातायत तुझे केस. माझ्या नणंदेचं असंच झालं होतं. काय भरतात त्यात देव जाणे. फेकून दे आणि बघ."

रिम्माला हायसं वाटलं. आजार नाही, गोळीच! आधी तिने गोळीचा अर्धा तुकडा घ्यायला सुरुवात केली. सप्टेंबर अर्धा होईपर्यंत तोही बंद. पहिले दहा दिवस कंगव्यात केस कमी आले, निदान तिला तसं वाटलं. ती झिनासाठी सफरचंदाचा केक घेऊन गेली.

मग थंडी शिरली. बाहेर ऑक्टोबर नुकता लागला होता, पण शेगडीपाशी उभं राहूनही तिची बोटं गार पडायची. सकाळी पापण्या सुजलेल्या, अंगठी बोटातून निघेना. पायऱ्या चढताना पाय पाण्यातून ओढल्यासारखे. भुवयांची टोकं विरळ झाली. केस तर आता मुठीने येत होते. अनातोल फोनवर म्हणाला, "कोण बोलतंय? रिम्माला दे."

"मीच आहे रे."

"आवाजाला काय झालं तुझ्या? प्यायलीस की काय?"

ती हसायला गेली, पण हसू उशिरा आलं. तिने मनाशी ठरवून टाकलं, झालं, आता छातीत उतरलंय. तिने कपाट आवरलं. बाहेरगावी असलेल्या मुलीचे लहानपणचे फोटो एका पाकिटात घातले, त्यावर तिचं नाव लिहिलं.

त्यानंतरच्या सोमवारी ती सुपाच्या मोठ्या पातेल्यासमोर उभी होती. हातात मिठाचा डबा. मीठ घातलं की नाही? आणि हे पातेलं कशाचं आहे? पुढे काय करायचं असतं? काही केल्या आठवेना. एकोणीस वर्षं केलेलं काम डोक्यातून पुसून गेलं होतं. डबा हातातून निसटला तरी ती तशीच उभी.

झिनाने तिला खांद्याला धरून फिरवलं. "अगं, तोंड केवढं सुजलंय तुझं! रिम्मा, इकडे बघ. गोळी घेतेस ना तू?"

"तूच तर म्हणालीस... फेकून दे."

"बरं, ही बंद केलीस. पण तिच्याऐवजी जुनी घेतेस ना? दुसरी कुठली तरी?"

रिम्माने मान हलवली. नाही. झिनाने एप्रन काढून फेकला, संचालिकेला ओरडून सांगितलं आणि रिम्माला तशीच बसमध्ये घालून गोमेलला नेलं. वाटेत ती सारखी तिच्या गालावर थोपटत होती, "झोपू नकोस. ए बाई, झोपू नकोस."

मे महिन्यात डोस उतरवणाऱ्या त्याच डॉक्टर, लुद्विगा स्तानिस्लावोव्ना, उंच, हडकुळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नाडी पाहिली, रक्त घेतलं आणि रिम्माला आडवं केलं. गळ्यावर गार जेल, त्यावर यंत्र फिरतंय. डाव्या बाजूला ते थांबलं. परत मागे गेलं. परत थांबलं. रिम्मा छताकडे बघत होती. तिला वॉर्डातली नेल्या दिसत होती आणि तिला एवढंच विचारायचं होतं की फार दुखतं का.

"स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"पण केस..."

"केसांना डोसातला बदल सोसला नाही. होतं असं. बदल झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळतात, डोस जुळला की थांबतात. दोन महिन्यांनी बोलावलं होतं ते त्याचसाठी. का आला नाहीत?"

रिम्माने नेल्याचं सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. शब्द जड, अडखळत येत होते.

"त्या मुलीचे केस औषधोपचाराने गेले, आजाराने नाही," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "आणि तुम्हाला ग्रंथीच नाही, रिम्मा पाव्लोव्ना. ही गोळी म्हणजेच तुमची ग्रंथी. अजून काही आठवडे असेच गेले असते, तर एके दिवशी तुम्ही शुद्धीवर आला नसतात."

बाहेर बाकावर झिना बसली होती. "शिव्या दे मला," ती म्हणाली. रिम्माने दिल्या नाहीत. पण कामावर परतल्यावर कितीतरी दिवस ती झिनाशी कामापुरतंच बोलायची.

आठ दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली. अनातोल पाळी सोडून आला होता. फोटोंचं पाकीट त्याला सापडलं होतं. तो रोज सकाळी पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन समोर उभा राहू लागला. "गिळ. तोंड उघडून दाखव."

"मी काय बालवाडीतली आहे?"

"त्या पोरांना निदान अक्कल आहे."

आवाज परत आला, सूज उतरली. केस मात्र जानेवारीपर्यंत गळतच राहिले. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, तरी दर खेपेला कंगव्यात आलेले केस ती मोजून बघायची. शेवटी तिने केस कानापर्यंत कापून टाकले. मार्चमध्ये कपाळाच्या कडेला बारीक, राठ कोंब दिसले, अर्धे पांढरे.

मे महिन्यात डॉक्टरांनी डोस पुन्हा किंचित बदलला. रिम्माने कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. "परत गळतील का?"

"कदाचित. थोडे."

"आणि मी घाबरले तर?"

"मग घाबरलेल्या स्थितीतच बस पकडा आणि इथे या," डॉक्टर म्हणाल्या.

जुलैत ती रक्त दाखवायला गोमेलला गेली. बसमध्ये सगळा रस्ता तिने गळा एका हाताने धरून ठेवला होता.