कूलरसमोर मांडलेले पॅनल

दुरुस्त केलेलं पॅनल नव्याइतकंच वजन झेलतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. माझी एम.ई.ची पदवी त्यावर अडकली होती. नव्वदच्या दशकाचा शेवट. वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतही होतो आणि शिकतही होतो. पॅनल म्हणजे मध्ये हलका फोम आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लासचा पातळ थर. मी ते मुद्दाम फोडायचो, ठिगळ लावायचो आणि यंत्राखाली वाकवून पुन्हा मोडायचो. घरचे विचारत, मोडायचंच आहे तर जोडतोस कशाला? उत्तर देऊन देऊन तोंड दुखलं.

ठिगळ ज्यानं चिकटतं ते रेझिन पक्कं व्हायला ऊब लागते. कॉलेजात भट्टी नव्हती, पण आमच्याकडचा मे महिना भट्टीला भारी. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पॅनल मांडून मी देवळीला मावसबहिणीच्या लग्नाला गेलो.

परत येऊन पहिलं पॅनल यंत्रात घातलं. ठिगळ टर्रकन सुटून आलं. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. प्रयोगशाळा सांभाळणारे काका शेजारीच उभे होते. त्यांचा माझ्यावर जीव, त्यामुळे चेहरा माझ्याहून जास्त उतरलेला.

"सर, पत्र्याखाली पार भाजून राह्यले होते ते. मले पाहावलं नाई. म्हणून खाली आणून कूलरसमोर मांडले."

कूलरच्या वाळ्यातून येणाऱ्या गार, ओल्या हवेत माझं रेझिन कच्चंच राहिलं होतं. ओरडणार कोणावर? उन्हाळ्यात कोणावर माया करायची तर त्याला कूलरसमोर बसवायचं, हे आम्ही सगळेच करतो. तरी डोकं फिरायचं ते फिरलंच.

एक पॅनल तेवढं त्यांच्या नजरेतून सुटून वरच राहिलं होतं. ते मोडलं, पण ठिगळापासून वीतभर लांब, जवळपास नव्याइतकं वजन घेऊन. मी धावत मार्गदर्शक सरांकडे गेलो. एकावरून काही ठरत नाही, ते वगळ, म्हणाले. पुन्हा करावं तर रेझिन संपलेलं, यंत्रावर इतरांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची रांग, मुदत तोंडावर. निदान कूलरचं लिहू का, असं विचारलं.

"कॉलेजची शोभा करतो काय?"

पदवी मिळाली. दुरुस्त केलेल्या पॅनलवर भरवसा ठेवता येत नाही, असं प्रबंधात माझ्याच नावानं छापलेलं आहे. वगळलेलं पॅनल मी घरी आणलं. त्याचं ठिगळ आजही नखानं उचकटून पाहतो. निघत नाही.