संपतच्या हाताखालचे सॅडल

फोन आला तेव्हा मी वारूळवाडीतल्या माझ्या दुकानात एक बिघडलेला अॅम्प्लिफायर उघडून बसलो होतो. पलीकडून संपतचा धाकटा भाऊ बोलत होता. "शिवाभाऊ, दादा गेला. कांद्याला पाणी धरलं व्हतं, छातीत कळ आली... दवाखान्यात न्यायला येळच मिळाला न्हाई." मी उठलो, पुन्हा बसलो. आणि त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण ते टाळून संपतबद्दल चार गोड शब्द लिहायचे तर मी न लिहिलेलंच बरं. मनात आलं, आता पुढच्या जत्रेत पुढे उभं राहून गिटार कोण वाजवणार? उत्तरही लगेच आलं... मी. रडू त्यानंतर आलं.

संपत आणि मी एकाच ऑर्केस्ट्रात होतो. जुन्नर-आंबेगावच्या गावोगावच्या जत्रा, लोकगीतं, भक्तिगीतं, पोरं ओरडायला लागली की मधूनच हिंदी. तो पुढे उभा राहून गाण्याची चाल वाजवायचा आणि मी मागे, ढोलकीवाल्याशेजारी, माझ्या गिटारवर नुसता ठेका धरायचो. तो पिंपळवंडीच्या धनगराघरचा. वडिलांनी मेंढरं राखली, यानं शेती धरली. वडिलांच्या पाव्यावर ऐकलेल्या चाली तो तारांवर अशा काढायचा की म्हाताऱ्या बायका पदर सावरून पुढे सरकायच्या. कुणी 'वन्स मोर' म्हटलं की लाजायचा, आणि कुणीच नाही म्हटलं की परतीच्या टेम्पोत तोंड फुगवून बसायचा. मग भजी दिसली की फुगा फुटायचा. मला मात्र छळायचा. "शिवा, तू मागं उभा ऱ्हायलास की कशी पडद्याची काळजी न्हाई, वाऱ्यानं उडत न्हाई," हे त्याचं ठरलेलं.

आता सॅडलचं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या खालच्या बाजूला, तारा जिथे टेकतात तिथे, प्रत्येक तारेखाली धातूचा एक बोटाच्या पेराहून लहान तुकडा असतो. त्याला सॅडल म्हणतात. संपतच्या गिटारचे सहाही सॅडल गंजलेले होते. वाजवताना तळहाताची कड त्यांच्यावर टेकवायची त्याची सवय, हात कायम घामेजलेला, आणि जत्रेत भंडारा उधळला की तो नेमका तिथेच जाऊन बसायचा. गंजून गंजून त्यांना धार आली होती. कार्यक्रमाच्या शेवटी खंडोबाची गाणी एकामागून एक लागायची, त्याचा हात रंगात यायचा आणि नेमकी तेव्हाच पातळ तार तुटायची. मग तो मला खूण करायचा, खाली बसून नवी तार ओवायचा आणि तेवढा वेळ चाल मी सांभाळायचो. मागचा पुढे यायचो. लोक माझ्याकडे बघायचे. तार चढली की परत ढोलकीवाल्याशेजारी. बऱ्याचदा त्याची तार चढेपर्यंत शेवटची 'येळकोट येळकोट'ची आरोळी होऊन गाणी संपलेलीही असायची.

सॅडल बदलायला हवेत हे मला कळत नव्हतं असं नाही. हा माझा धंदाच आहे. एकदा बोललोही होतो.

"संपत, चांगले स्टीलचे सॅडल मिळतात. बसवून देतो. तार तुटायची नाही."

"आरं ऱ्हाऊ दे राव. हात बसलाय त्येच्यावर. नवीन बसवलं की हात परक्याच्या घरी जेवायला बसल्यागत अवघडंल."

मी बरं म्हणालो. एकदाच विचारलं आणि लगेच बरं म्हणालो! एरवी मी चिवट माणूस, गिऱ्हाइकाच्या गळी नवा स्पीकर उतरवेपर्यंत पिच्छा सोडत नाही. पावसाळ्यात कार्यक्रम बंद असले की त्याची गिटार माझ्याच दुकानात पडून असायची. जॅक सैल झालाय, वायर सुटलीय, अशी काही ना काही कामं मी त्यावर करायचो. सॅडलना कधी हात लावला नाही.

दिवसकार्य झाल्यावर मंदावहिनींनी, म्हणजे संपतच्या बायकोनं, गिटार आपणहून माझ्या हातात दिली. "हितं खुंटीला अडकवून मी काय करू? वाजवा तुमी." ती घेऊन मी पहिल्या कार्यक्रमाला गेलो. खंडोबाची गाणी लागली आणि तार तुटली. सवयीनं मी मागे वळून बघितलं... मागे कोण असणार? गाणं उघडं पडलं. ऑर्केस्ट्राचे मालक एवढंच म्हणाले, "शिवाभाऊ, पुढच्या सुपारीच्या आत ह्येचं कायतरी करा."

नवे सॅडल मागवले. तारा उतरवल्या, अडकलेल्या स्क्रूंवर तेल सोडलं आणि एकेक तुकडा सोडवून काढला. खाली भंडाऱ्याचा थर होता, घामात कालवून घट्ट झालेला. किती जत्रांचा, देव जाणे. ब्रशनं तो खरवडताना माझा हात दोनदा थांबला. मग नवे बसवले, प्रत्येक तारेचा सूर गिटारच्या दांडीवर वर आणि खाली सारखा जुळेपर्यंत स्क्रू मागेपुढे केले आणि वाजवून बघितलं. असा स्वच्छ, भरलेला आवाज त्या गिटारचा मी कधीच ऐकला नव्हता. मी हरखून गेलो. एकटाच, दुकानात, मेलेल्या मित्राची गिटार गळ्यात घालून हसत होतो.

वहिनींना ऐकवायला म्हणून छोटा स्पीकर घेऊन पिंपळवंडीला गेलो. पडवीत बसून खंडोबाची सगळी गाणी वाजवली. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"आज तुटली न्हाई," त्या म्हणाल्या. मी सॅडल दाखवले, काय बदललं ते सांगितलं. त्यांनी बोट फिरवून बघितलं. "येवढंच व्हतं व्हय?"

"मी म्हणालो होतो त्याला. तोच नको म्हणायचा."

त्या जराशा हसल्या. "त्यांचं कोण ऐकतं भावजी! सदऱ्याचं बटन तुटलं तरी ऱ्हाऊ दे म्हणायचे. मी गुपचूप लावून टाकायची, की दोन दिवस मिरवायचे." मग म्हणाल्या, "घरी येऊन सांगायचे... तार तुटली की आमचा शिवा काय खुलतो! त्याचं त्वांड बघण्यासारखं असतं."

म्हणजे त्यानं बघितलं होतं. खाली बसून तार ओवताना तो वर माझ्याकडे बघत होता आणि त्याला त्यात गंमतच वाटत होती. मी वायर गुंडाळायला लागलो. जुने सॅडल कागदाच्या पुडीत बांधून नेले होते. वहिनींनी पुडी कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

आता जत्रांचे दिवस आहेत. तार तुटत नाही. खंडोबाची गाणी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतो, लोक टाळ्या देतात आणि त्या मला आवडतात, हेही लिहून टाकतो. माझाही तळहात आता त्या सॅडलवर टेकायला लागलाय. अवघडत वगैरे काही नाही. चार दिवसांत बसला हात. संपतचाही बसला असता, आणि शेवटच्या आरोळीला तो खाली बसलेला नसता, उभा असता.