काळ्या पानांवरची नावं

शाळेतून निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात आमच्या महिला मंडळाच्या चिटणीसबाई कारेलीबागेत माझ्या घरी आल्या. मंडळ बडोद्यातल्या मराठी बायकांचं, माझ्या आजेसासूबाईंच्या वेळचं. त्याचे सगळे कागद वरच्या मजल्यावरच्या खोलीत तीन कपाटांत कोंबलेले होते. "तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात," त्या म्हणाल्या, "आता आमचा तेवढा लावून द्या. वर्धापनदिनाला लोकांना दाखवू." मला ते ऐकून बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या आणि वार्षिक अहवाल मी वर्षवार लावले. मग फोटोंचे पाच अल्बम निघाले, जाड काळ्या पानांचे. प्रत्येक फोटोखाली कुणीतरी पांढऱ्या पेन्सिलीनं, सुबक अक्षरात नाटकाचं नाव आणि डावीकडून उजवीकडे सगळ्या बायकांची नावं लिहिली होती. पण पानांना कसर लागलेली. उलटताना त्यांचे तुकडे हातात यायचे. फोटो सोडवून नव्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये घालायचे आणि नावं मागे उतरवून ठेवायची, असं मी ठरवलं.

दोन अल्बम तसे केले. तिसऱ्यापर्यंत मान धरली, आणि वर्धापनदिन तर आठवड्यावर आलेला. उरलेले फोटो मी भराभर काढून लावले. काळी पानं एका पोत्यात भरली आणि जिन्यापाशी ठेवली. समारंभ झाला की घरी नेऊन निवांत नावं उतरवणार होते. समारंभाच्या आदल्या दिवशी सभागृह झाडून घेतलं, तेव्हा ते पोतं जुन्या वर्तमानपत्रांबरोबर पस्तीवाल्याकडे, रद्दीत गेलं. मला कळलं ते शाल-श्रीफळ घेतल्यावर. मी कुणाला काही बोलले नाही.

दिवाळीनंतर एक दिवस निजामपुऱ्यातून एक बाई आल्या. सत्तरीच्या असतील. जिना चढून दम लागला होता.

"माझ्या आईनं लग्नाआधी मंडळाच्या नाटकात काम केलं होतं म्हणे," त्या म्हणाल्या. "मी चार वर्षांची असताना ती गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. दुसऱ्या आईनं मला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, म्हणून मी कधी मागितलाही नाही. आता ती माउलीही गेली."

त्यांनी आईचं माहेरचं नाव आणि नाटकाचं नाव सांगितलं. नाटक ओळखता आलं, कारण फोटोत मागच्या पडद्यावर त्याची पाटी होती. फोटोत नऊजणी होत्या. सगळी कामं बायकांनीच केलेली, त्यामुळे चौघींना मिशा चिकटवलेल्या. फोटो मागून कोरा होता.

"नावं नव्हती का हो लिहिलेली?"

"नाही," मी म्हटलं. "तेव्हाच्या बायकांनी लिहूनच ठेवली नाहीत."

ते वाक्य किती सहज आलं! चुकीबरोबर मी खोटंही बोलले, आणि आळ घातला तो इतक्या निगुतीनं नावं लिहिणाऱ्या बाईवर.

त्या बराच वेळ एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत राहिल्या. शेवटी एका मिशीवालीपाशी थांबल्या. "हे कान बघा. अगदी माझ्या नातीचे." मग माझ्याकडे बघून विचारलं, "हीच असेल ना?"

"असेल," मी म्हटलं. तेवढ्याच चेहऱ्याची मोठी प्रत मी त्यांना करून दिली.

पुढचे दोन महिने मला चैन नव्हतं. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी निजामपुऱ्याला गेले. दार सुनेनं उघडलं. हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारी तो फोटो लावलेला, चंदनाचा हार घातलेला. मिशी स्टुडिओतून पुसून घेतली होती.

"मम्मी रोज एनी आगळ दीवो करे छे," गुजराती सून कौतुकानं म्हणाली. फोटोपुढे रोज दिवा लागत होता.

बाई आतून आल्या आणि माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळे मला आई दिसली हो." मी चहा घेतला, सुरळीच्या वड्या खाल्ल्या, नातीचे कानही पाहिले. खरोखर तसे होते की मला तसे पाहायचे होते, कोण जाणे. जे सांगायला गेले होते ते न सांगताच परत आले.

पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यानंतर मी चिटणीसबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना. त्या समाधानानं गेल्या, हे काय कमी आहे?"

हे मी स्वतःलाही पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण नावं माझ्या हातून गेली हे त्यांना कळलं असतं, तरी कदाचित त्यांनी तोच चेहरा निवडला असता, किंवा नऊच्या नऊजणी भिंतीवर लावल्या असत्या. ते त्यांनी ठरवायचं होतं. मी ते ठरवूच दिलं नाही.