त्या घरात एक बाई जास्त होती

माणूस हरवल्याच्या तक्रारी मी नोकरीभर घेतल्या. घरात एक माणूस जास्त झालाय, अशी तक्रार मात्र एकदाच आली. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, तरी ती आठवली की डोकं पुन्हा तितकंच भंजाळतं.

तेव्हा मी देवरी तालुक्यात, चिचगडच्या पलीकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती. काही गावं मिळून एक गण होतो आणि त्या गणातून एक सदस्य निवडून जातो. मतं थोडी, उमेदवार उदंड. त्यामुळे कोणाच्या घरात किती डोकी, हे सरकारपेक्षा कार्यकर्त्यांना जास्त पाठ. आणि तिथली डोकी मोजणं म्हणजे काय विचारता! एकाच अंगणात तीन चुली, तीन रेशनकार्डं, पण धानाची बांधी, म्हणजे भातशेती, एकत्र. पोरं नागपूरला नाहीतर हैदराबादला कामाला, नावं मात्र गावातच. म्हातारा थोरल्याच्या कार्डावर आणि धाकट्याच्या ताटावर. बंदोबस्तासाठी गणाची माहिती गोळा करता करता मला एवढं कळलं होतं की कागदावर भरलेलं घर प्रत्यक्षात अर्धं रिकामं सापडतं. उलटं कधी पाहिलं नव्हतं.

एके सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो, तर एका उमेदवाराचा कार्यकर्ता आला. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, बोलणं अर्धं हिंदी.

"साहेब, आमच्या गावात कडेच्या घरात एक बाई जास्त आहे."

"जास्त म्हणजे?"

"मतदार यादीत नाही, रेशनकार्डात नाही, अन् घरात राहून राहिली. दिवाळीनंतरच्या मंडईपासून. पाहुणी इतके दिवस राहते का जी? नवीन मतदार म्हणून घुसवतील, नाहीतर विकत आणली असंन. कुछ तो गडबड है."

मतदाराचं मला काही पडलं नव्हतं, ते तहसीलचं काम. पण 'विकत आणली' हे शब्द कानावर आल्यावर ठाणेदाराला गप्प बसता येत नाही. तसं निघालं असतं, तर घरचा कर्ता थेट तुरुंगात गेला असता. स्टेशन डायरीला नोंद घेतली, महिला शिपाई बरोबर घेतली आणि जीप काढली.

घर साधं, धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं. एक बुढी, तिचे दोन मुलगे, दोन सुना, दोघांची लेकरं. दोन चुली, अंगण एक. भारी धानाची, म्हणजे हलका धान घरी आल्यावर उशिरा पिकणाऱ्या भाताची, कापणी सुरू होती, त्यामुळे सगळे घाईत. ती बाई खळ्यावर भारे रचत होती. तिशीची असेल. जीप पाहिली आणि तिच्या हातातला भारा तिथंच खाली पडला. पोलीस पाहून माणसं दचकतात, त्याचं काही नाही. पण ही दचकली नाही, खचली. आता संपलं, असा तिचा चेहरा झाला.

मी कर्त्याला, म्हणजे थोरल्या मुलाला विचारलं, "घरात माणसं किती?"

तो बोटं मोजायला लागला. धाकट्यानं वेगळा आकडा सांगितला. सुनांनी आणखी वेगळा. एकानं आपल्याच चुलीची माणसं धरली, दुसऱ्यानं हैदराबादला गेलेला चुलतभाऊ धरला, तिसरीनं बुढीला मोजलंच नाही, कारण बुढी 'दोघाइकडची'. म्हटलं, आली का पंचाईत! स्वतःच्या घरातली माणसं मोजता येईनात, आणि मी निघालो गुन्हा शोधायला.

"बरं, ही बाई कोण?"

"आपलीच हाय जी," सगळे एका सुरात.

मग पोलिसी रीत वापरली. एकेकाला वेगळं बसवलं. थोरल्या सुनेला छपरीत घेतलं. ती म्हणाली, "धाकटीच्या मायेरची हाय. तिची मामेबहीण असंन."

धाकटीला घेतलं. ती म्हणाली, "माह्या मायेरची? नाही जी! हे त आमच्या सासूच्या भावाची पोरगी."

थोरला म्हणाला, "बायकाइच्या भानगडीत मी कायले पडू? बायकोले ठाव असंन." धाकटा म्हणाला, "दादाले ठाव असंन."

आणि ती बाई? महिला शिपायानं परोपरीनं विचारलं, पण ती ताकास तूर लागू देईना. नाव सांगितलं, गाव सांगेना. एकच म्हणत राहिली, "कामच करतो बाई, कोणाचं काही नेलं नाही."

मी खवळलो. चार माणसं आणि चार उत्तरं! आवाज चढवला, कर्त्याला म्हणालो, "खरं सांग, नाहीतर तुला ठाण्यात नेतो." तो बिचारा चपला शोधायला लागला. तेवढ्यात अंगणात लेकरं त्या बाईभोवती गोळा झाली. थोरल्याची पोरगी हाक मारत होती, "मावशी, चाल ना!" आणि धाकट्याचं पोरगं तिचा पदर ओढत म्हणत होतं, "आत्या, आत्या!"

मी तिथंच थबकलो. बाप सख्खे भाऊ, अंगण एक, आणि एकच बाई एकीची मावशी, दुसऱ्याची आत्या? मनातल्या मनात नातं लावून पाहिलं, दोनदा लावलं, बसेना. डोक्याचा पार भुगा झाला.

मग मात्र ट्यूब पेटली. खोटं बोलणारी माणसं आधी ठरवतात आणि सगळे एकच सांगतात. उभ्या नोकरीत हेच पाहिलं. ही चौघं चार तऱ्हेचं सांगत होती, कारण यांनी काही ठरवलंच नव्हतं. प्रत्येकजण खरं बोलत होता. थोरलीला खरंच वाटत होतं की ती धाकटीची, धाकटीला खरंच वाटत होतं की ती सासूची. ती कोणाचीच नव्हती, आणि हे कोणालाच माहीत नव्हतं.

हे कसं होऊ शकतं, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. त्यासाठी आमच्या झाडीपट्टीची मंडई पाहिली पाहिजे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दंडारीचा नाचगाण्याचा खेळ असतो, नाटक असतं. घरोघरी पाहुणे असे उतरतात की पाय ठेवायला जागा नसते. लेकी येतात, जावई येतात, जावयाचे मित्र येतात, मित्रांचे साडू येतात. आलेल्याला 'तुम्ही कोणाकडचे?' असं विचारणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकण्यासारखं. पाणी द्यायचं, पान वाढायचं, कोणाचा तरी असेलच. आणि 'कधी जाता?' हे तर मेलं तरी कोणी विचारत नाही. ही बाई त्या गर्दीत आली, जेवली, भांड्यांना हात लावला. दुसऱ्या दिवशी बांधीत गेली. कापणीला हात हवेच होते. दिवस गेले तसं विचारणं आणखी अवघड होत गेलं.

राहिली बुढी. ती एवढा वेळ भिंतीला टेकून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. मी तिच्यापुढं बसलो.

"आजी, ही तुमच्या भावाची मुलगी का?"

"नोहे."

"मग कोणाची?"

"मले का ठाव?"

"तुम्हाला माहीत होतं, ती तुमच्यातली नाही?"

"पयल्याच रोजी समजलं बापा. सारे नाटक पाहाले गेले, हे एकटी भांडे घासत बसली. पाहुणी काऊन भांडे घासंन?"

"मग विचारलं का नाही?"

बुढीनं माझ्याकडं असं पाहिलं की वर्दीत असून मी लहान झालो. म्हणाली, "इचारलं असतं त तिले जावा लागलं असतं ना."

ते ऐकलं आणि ती बाई मटकन खाली बसून रडायला लागली. मग तिनं महिला शिपायासमोर सगळं सांगितलं. अर्जुनी मोरगावकडचं गाव. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. मारहाण होते का, विचारलं. "नाही जी. मारत नाही. बोलतच नाही." ना नवरा बोलत, ना दीर, ना जाऊ. शेतात राबायचं, सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते खायचं, गोठ्याशेजारच्या खोलीत निजायचं. एक दिवस एसटीत मंडईला निघालेल्या बायका दिसल्या, ती त्यांच्यात चढली आणि त्या उतरल्या तिथं उतरली.

"मले परत नोका पाठवू साहेब," एवढंच ती मागत होती.

आता सांगा, याला कोणतं कलम लावायचं? मारलं असतं तर गुन्हा नोंदवला असता. न बोलण्याचा पंचनामा कसा करतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी हवालदाराला तिच्या गावच्या ठाण्यात फोन लावायला सांगितला. तिकडून कळलं, नवऱ्यानं ती हरवल्याची तक्रार नुकतीच, त्याच आठवड्यात दिलेली. मी पुन्हा चक्रावलो. बाई मंडईपासून इथं, आणि तक्रार आत्ता?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथला हवालदार नवरा आणि त्याच्या भावाला घेऊन आला. आम्ही सगळे त्याच अंगणात बसलो. नवरा काही राक्षस नव्हता. नीटनेटका, हळू आवाजाचा माणूस. हात जोडून म्हणाला, "साहेब, घरवाली हाय माही. घेऊन जातो."

मी सांगितलं, "बाई सज्ञान आहे. जायचं की नाही, ती ठरवेल."

नवऱ्याचा भाऊ बुढीवर घसरला. "तुमची कोन लागते हे? परक्याची बाई घरात ठेवून राहिले!"

बुढीनं शेंगांवरून नजर वर केली नाही. "आमच्याइथं जेवते," म्हणाली.

सगळे त्या बाईकडं पाहायला लागले. मला मनातून धास्तीच होती. चारचौघांत, नवऱ्यासमोर, हवालदारांसमोर भल्या भल्या बायका मान खाली घालून उठतात आणि चालायला लागतात. कायदा मग नुसता बघत राहतो. ती उठली, पदर सारखा केला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"येतो मी तुमच्या संग," म्हणाली. "मी घरातून कवा निघालो, तेवढं सांगा. बरोबर सांगा, आत्ता चालतो."

नवऱ्यानं भावाकडं पाहिलं. भाऊ जमिनीकडं पाहायला लागला.

"भारी धान कापाले काढला..." नवरा अडखळला. "तवाच असंन. हात कमी पडले तवा..."

"हलका धान घरी येऊन राहिला होता," ती म्हणाली. "मंडईची एसटी होती."

त्यांचा हवालदार टोपी काढून डोकं खाजवत राहिला. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की हात मागं बांधून उभा राहिलो. नवरा उठला आणि जीपकडं गेला. हरवल्याची तक्रार तिच्या जबाबावर त्यांच्या ठाण्यानं निकाली काढली. ती त्याच घरी राहिली. कार्यकर्ता मात्र पुन्हा आला, 'आता तिला कोणत्या घरची धरायची' म्हणून. त्याला मी ज्या शब्दांत बाहेर काढला, ते छापण्यासारखे नाहीत.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत कोणी माणूस हरवल्याची फिर्याद घेऊन आला, की वर्णन, उंची, कपडे हे सगळं नंतर. आधी एक विचारायचो: तुमचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं, आणि काय? काही जण लगेच सांगतात, सांगताना रडतात. ती माणसं बहुधा सापडतात, निदान शोधायला कुठून सुरुवात करायची ते तरी कळतं. बाकीचे तोंड उघडतात, थांबतात आणि शेजारी बसलेल्या भावाकडं पाहतात.