उभ्यानं मका टोकायची नळी

मंडळी, आज सकाळी सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात पिंजौरकडची एक बाई माझ्या शेजारी बसली होती. डॉक्टरांनी तिला वाकायला बंदी केली होती. "फिर मक्की कौन बोएगा जी?" तिनं मलाच विचारलं. बाबा आठवले.

सत्तरच्या दशकात बाबांची उत्तरेतल्या याच शहरात बदली झाली. ते शेतीच्या अवजारांचे इंजिनिअर. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी मका टोकायच्या काही लोखंडी नळ्या बनवून घेतल्या. टोक मातीत खुपसायचं, वरून दाणा सोडायचा. वाकायची गरजच नाही.

पिंजौरजवळच्या खेड्यात शांतीदेवी नावाच्या बाईला त्यांनी त्यातली एक दिली. मीही सोबत होते. अर्धं शेत उभ्यानं टोकून झालं तेव्हा ती खुदकन हसली. परतताना बसमध्ये बाबा चक्क गुणगुणत होते.

पुढच्या पेरणीला पुन्हा गेलो, तर शांतीदेवी वाकूनच दाणे टोकत होती. बाबांनी विचारल्यावर हळूच म्हणाली, "चीज अच्छी थी, साहबजी. पर सास कहती है, खडी-खडी बोनेवाली बहू कामचोर होती है."

बाबा सासूला समजवायला गेले. म्हातारी काठीवर दुमडून उभी होती. म्हणाली, "मेरी कमर भी तो ऐसेही गई."

बाबांनी नंतर ती नळी कुणालाच दाखवली नाही. पुढे त्यांची इथून बदली झाली तेव्हा उरलेल्या नळ्या भंगारात गेल्या.

लोखंड वाकवता येतं हो. पण "मी सोसलं, तूही सोस" हे कुणाच्या घरात थांबलेलं पाहिलंय तुम्ही? मी तरी अजून नाही.